मूळ वायर लॉकरमध्ये आहे

वायरचं आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की खांबेटे लपवाछपवी करतात.

मी दिलीप खांबेटे. सरकारी बँकेत तेहेतीस वर्षं झाली, नऊ बदल्या झाल्या. सध्या कोलकात्याच्या विभागीय कार्यालयात आहे आणि साल्ट लेकच्या क्वार्टरमध्ये राहतो. चौथ्या बदलीत, जबलपूरहून निघताना, माझं पदवीचं मूळ प्रमाणपत्र ट्रकमधून गेलं ते गेलंच. वाटेत कुठल्या तरी ढाब्यावर त्यात भजी बांधून दिली असणार, असं माझं मत आहे. ते दुसरं काढायला मला विद्यापीठाच्या पायऱ्या दीड वर्ष झिजवाव्या लागल्या. तेव्हापासून घरात नियम केला: मूळ वापरायचं नाही. मूळ लॉकरमध्ये जाईल, घरात झेरॉक्स फिरेल.

हा नियम आधी कागदांपुरता होता, मग तो वस्तूंनाही लागला. टीव्हीचा मूळ रिमोट कपाटात प्लॅस्टिकमध्ये असतो, आम्ही बाजारातला वापरतो. मिक्सरचं मोठं भांडं अजून पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. मिक्सर भुवनेश्वरला वारला, भांडं सुखरूप आहे. मंजुषा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणतात, "अहो, लग्नाच्या वेळी मलाही लॉकरमध्ये ठेवून डुप्लिकेट आणायची होती." मी म्हटलं, सोय असती तर विचार केला असता. त्या दिवशी मी बाहेर जेवलो.

तर त्या सोमवारी ऋषभचं पार्सल आलं. ऋषभ आमचा मुलगा, तेवीस वर्षांचा. तो घरी नव्हता, म्हणून मी उघडलं. आत एक काळी चपटी डबी होती, बिल होतं, वॉरंटीचा कागद होता आणि एक आखूड, जाड, ताठ वायर होती. वाकवली की पुन्हा सरळ व्हायची. अशी खमकी वायर रोज वापरून खराब करायची म्हणजे पापच. ड्रॉवरमध्ये फोनच्या चार्जिंगची एक वायर पडली होती. दोन्ही टोकांची तोंडं डिट्टो तशीच. दुसऱ्या दिवशी मी ऋषभच्या मार्कशीट लॉकरमध्ये ठेवायला इथल्याच डलहौसी भागातल्या आमच्या शाखेत जाणारच होतो. बिल, वॉरंटी आणि वायर एका पाकिटात घातली, वर लिहिलं "ऋ. दि. खांबेटे – मूळ", आणि तेही ठेवून आलो.

घरी चार्जिंगची वायर मी स्वतः भिंतीला क्लिपा मारून, टेबलामागून अशी सरळ नेली की इलेक्ट्रिशियनने पाया पडावं. तिच्यावर "काढू नये" अशी चिठ्ठीसुद्धा चिकटवली.

आता ही डबी कशाला लागते ते मला ऋषभने समजावलं होतं. तो कॉम्प्युटरवर गेम खेळतो आणि लोक ते लाइव्ह बघतात. लोक का बघतात हा प्रश्न मी विचारला, त्यावर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही क्रिकेट का बघता?" ते बरोबर होतं म्हणून मी विषय बदलला. तर एकाच कॉम्प्युटरने खेळायचं आणि दाखवायचंही म्हटलं की त्याला दम लागतो. म्हणून दोन ठेवायचे. एक खेळणार, दुसरा दाखवणार. मधली डबी पहिल्याचं चित्र उचलून दुसऱ्याला देते.

"म्हणजे मेकर-चेकर," मी म्हटलं. बँकेत एक जण एंट्री करतो आणि दुसरा पास करतो.

"हां बाबा, तसंच," तो म्हणाला. आम्हा दोघांत गेल्या पाच वर्षांत एवढा एकमतीचा क्षण आला नव्हता.

आणि ह्या सगळ्यावर काय अवलंबून होतं, तेही सांगतो. गेमचे सामने दाखवणारी एक कंपनी आहे. तिने ऋषभला चाचणीला बोलावलं होतं. शनिवारी दुपारी चार वाजता एक तास खेळून दाखवायचं. चित्र स्वच्छ हवं, एकदम काचेसारखं, ही अट. पसंत पडलं तर नोकरी. नाही पडलं तर आमच्यात लेखी करार झाला होता: सोमवारी बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख, तो मुकाट्याने फॉर्म भरणार. साक्षीदार म्हणून मंजुषाची सही. ती करताना ती म्हणाली, "पोरगं सात शाळा फिरलं तुमच्यापायी. एका शाळेतला एक मित्र टिकला नाही. हे गेमवाले तेवढे टिकले, कारण त्यांची बदली होत नाही." मी म्हटलं, साक्षीदाराने फक्त सही करायची असते.

मंगळवारी संध्याकाळी ऋषभने दोन्ही कॉम्प्युटर चालू केले. पहिल्यावर चित्र लखलखीत. डोंगर, गवत, बंदूक घेतलेला माणूस, सगळं. दुसऱ्यावर तेच चित्र म्हणजे दुधाच्या पातेल्यातून बघितल्यासारखं. गवताची खिचडी झाली होती. माणूस पळाला की त्याच्यामागे त्याचंच भूत अर्धा सेकंद उशिरा पळायचं.

"हे काय आहे यार," ऋषभ म्हणाला. मग टेबलाखाली डोकं घालून त्याने विचारलं, "बाबा, डबीबरोबर आली तीच वायर लावली ना तुम्ही?"

आता बँकेत ट्रू कॉपीवर शिक्का बसला की ती मुळासारखीच धरतात. त्या अर्थाने मी म्हटलं, "हो." खोटं बोलायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. त्याने ती "काढू नये"ची चिठ्ठी वाचली आणि डोकं बाहेर काढलं. माझ्या संसारात माझी सूचना कुणी पाळल्याचा तो एकमेव प्रसंग.

बुधवारी इंटरनेटवाला बापी आला. बापीने आधी चहा घेतला, मग दुसऱ्या कॉम्प्युटरसमोर बसून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "दादा, छोबी तो खूब खाराप." चित्र फार वाईट आहे, हे त्याचं निदान. ते आम्हालाही ठाऊक होतं. मग तो म्हणाला, लाइन एकदम फर्स्ट क्लास आहे, पण खात्रीसाठी जिन्यातला डबा बघतो. त्याने जिन्यातला डबा बघितला आणि पूर्ण बिल्डिंगचं इंटरनेट गेलं. त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर फुटबॉलची डर्बी, म्हणजे कोलकात्याच्याच दोन संघांची लढाई, चालू होती. तिथून बारा माणसं खाली आली. बापी आमच्या बाथरूममध्ये जाऊन बसला, आणि मी दारात उभं राहून बंगालीत माफी मागितली. माझं बंगाली बाजारापुरतं आहे, त्यामुळे माफीबरोबर मी चुकून पावशेर कोलंबीही मागितली असावी. लाइन दीड तासाने आली. चित्र तसंच होतं.

गुरुवारी उन्मेष आला. उन्मेष साने न्यू टाउनला आयटीत आहे, महाराष्ट्र मंडळाचा खजिनदार. कुणाचाही प्रिंटर अडला की मंडळी त्यालाच धरतात. तो आल्या आल्या म्हणाला, "काका, मी क्लाउडमध्ये आहे. वायरींशी माझा संबंध येत नाही."

"मग काय करशील?"

"रूट कॉज शोधू."

त्याने तीन तास रूट कॉज शोधला. दोन्ही कॉम्प्युटरची सगळी सॉफ्टवेअरं नवी केली. एक सेटिंग वाढवलं, तर चित्र थांबून थांबून यायला लागलं. कमी केलं, तर चौकोन चौकोन दिसायला लागले, फरशी बसवल्यासारखे. रंगांचं काहीतरी बदललं, तर सगळा गेम मेणचट झाला. ऋषभ मागे उभा राहून नखं खात होता. मंजुषा मधेच येऊन पडदा फडक्याने पुसून गेली आणि म्हणाली, "आता बघा." आम्ही बघितलं. धुरकट, पण स्वच्छ धुरकट.

शेवटी उन्मेष म्हणाला, "काका, इथे दिसतंय, डबी पूर्ण चित्र देतच नाहीये. अर्धंमुर्धं देते. म्हणजे पीस फॉल्टी आहे. बदलून घ्या."

मला इतका आनंद झाला! दोष सापडला आणि तो आपल्या घरचा नव्हता. ऋषभने लगेच विकणाऱ्याकडे तक्रार टाकली. शुक्रवारी उत्तर आलं: शनिवारी दुपारी तीनपर्यंत माणूस नवा पीस घेऊन येईल, जुना घेऊन जाईल. ऋषभ त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवला. दुसऱ्यांदा भात मागितला. मंजुषाने माझ्याकडे असं बघितलं की मी लोणच्याची बरणी पुढे केली.

शनिवारी तीन वाजता तो माणूस आला नाही. सव्वातीनला आला, घामाघूम, पाठीवर हे एवढं दप्तर. दारातच उभा राहून त्याने नवं खोकं दाखवलं. सीलबंद. पारदर्शक खिडकीतून आतली काळी डबी दिसत होती आणि तिच्याशेजारी गोल गुंडाळलेली जाड, ताठ वायर.

"पुराना पीस दीजिए."

ऋषभने डबी सोडवून आणली आणि टेबलामागची वायरही माझ्या क्लिपा तटातटा उपटून आणली. त्या माणसाने मोबाइलमध्ये फोटो उघडला आणि एकेक वस्तू जुळवायला लागला. डबी जुळली. बिलाची झेरॉक्स चालली. मग त्याने वायर हातात घेतली. फोटोकडे बघितलं, वायरीकडे बघितलं. पुन्हा फोटोकडे.

"सर, फोटो में मोटा है। ये पतला है।"

"अरे तेच आहे," मी म्हटलं. "दोनों का मुंह एक है."

"मुंह से नहीं होगा सर। फोटो से मैच होना चाहिए। ओरिजिनल दीजिए।"

 मी म्हटलं, "ओरिजिनल लॉकर में है."

त्या माणसाने असंख्य दारं बघितली असतील, कुत्री चावली असतील, पण हे उत्तर त्याला नवीन होतं. त्याने मंजुषाकडे बघितलं. मंजुषाने भिंतीकडे बघितलं.

"लॉकर में... तार?"

"जी."

त्याने मोबाइलवर दोन वेळा बोट मारलं. "रिजेक्ट," तो म्हणाला. मी त्याच्यावर ओरडणार होतो. पण तेहेतीस वर्षं मी लोकांना सही जुळत नाही म्हणून परत पाठवलंय. एका आजोबांचा हात थरथरत होता, तरी पाठवलंय. त्या पोराच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, आणि शिवाय एक रिमार्क लिहिला असता. त्याने नवं खोकं दप्तरात घातलं. जाड वायर खिडकीतून आमच्याकडे बघत बघत जिना उतरून गेली.

ऋषभ दारातच जमिनीवर बसला होता. चार्जिंगची वायर त्याच्या मांडीवर होती.

"ही फोनची आहे," तो म्हणाला.

"तोंडं सारखी होती रे."

"बाबा, टँकरचं पाणी सलाइनच्या नळीतून सोडलंय तुम्ही. चार दिवस." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "डबी चांगली होती. लाइन चांगली होती. मी विचारलं होतं तुम्हाला."

"मला वाटलं..."

त्याने वायर माझ्यासमोर धरली. "ह्याच्यावर मारा ना शिक्का. ट्रू कॉपी."

तीन वाजून अठ्ठावीस मिनिटं. मी डलहौसी शाखेच्या मॅनेजरला, मुखर्जीला, फोन लावला.

"मुखर्जी, मला लॉकर उघडायचाय. आत्ता. टॅक्सीने निघतोय."

"सर, आज दुसरा शनिवार."

"माहितीये. तुझी चाबी आहे ना? पाच मिनिटांचं काम आहे."

 मुखर्जी अतिशय आदराने म्हणाला, "सर, सर्क्युलर आहे. सुट्टीच्या दिवशी लॉकर कुणासाठीही, स्टाफसाठीसुद्धा, कुठल्याही कारणाने उघडायचा नाही."

"कुणाचं सर्क्युलर?"

"आपलंच, सर. एप्रिलचं. खाली आपली सही आहे. शेवटी आपण 'कुठल्याही' शब्दाखाली रेघ मारलीय."

मारली होती. पट्टी लावून मारली होती.

मंजुषाने तोपर्यंत दहा मिनिटांत किराणा आणणाऱ्या त्या ॲपवरून वायरी मागवल्या होत्या. आल्या दोन. एक पांढरी, एक गुलाबी. दोन्ही चार्जिंगच्या. सोबत एक कोथिंबिरीची जुडी फुकट. असल्या वायरी मिळतात त्या चांदणी मार्केटला जाऊन यायला वेळ नव्हता. उन्मेषला फोन केला, तो म्हणाला, "काका, मी वायरींशी..." मी ठेवून दिला.

ऋषभने माझीच जुनी वायर पुन्हा लावली. तीन पंचावन्नला तो खुर्चीत बसला, हेडफोन घातले, केस सारखे केले. चार वाजता पडद्यावर एक बाई आल्या, सानिका म्हणून. हसऱ्या होत्या. तो खेळायला लागला.

मी मागे उभा होतो. मला त्यातलं काही कळत नाही, पण पहिल्या कॉम्प्युटरवर जे चाललं होतं ते बघून माझ्याही अंगावर काटा आला. पोरगं एकटं चौघांना चुकवून पुलाखालून गेलं, पाण्यात शिरलं, मागून वर आलं. इकडे माझा जीव खालीवर. दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याच वेळी एक राखाडी डाग दुसऱ्या राखाडी डागात शिरत होता.

सतरा मिनिटांनी सानिका म्हणाल्या, "ऋषभ, एक मिनिट थांब. खेळ छान आहे रे तुझा, आवाजावरून कळतंय. पण मला तू कुठे आहेस तेच दिसत नाहीये."

"मॅम, टेक्निकल इश्यू आहे, सोमवारी पक्का..."

"अरे, आम्ही हेच तर बघतो ना. लोक चित्रासाठी येतात." मग जरा थांबून, "तुझ्याकडे दुसरी वायर-बियर नाहीये का?"

ऋषभने माझ्याकडे बघितलं नाही. "आहे मॅम," तो म्हणाला. "सेफ आहे."

त्यांनी कळवते म्हटलं. कळवते म्हणजे काय ते बँकवाल्याला सांगायला लागत नाही.

रविवार उजाडला. मंजुषाने फक्त एक केलं. टीव्हीचा मूळ रिमोट प्लॅस्टिकमधून काढला, बाजारातला कचऱ्यात टाकला आणि टीव्ही न लावता बसून राहिली.

सोमवारी दहाच्या ठोक्याला मी शाखेत हजर. मुखर्जीने रजिस्टर पुढे केलं. लॉकरमधून कोण काय नेतंय हे विचारायची पद्धत नाही, पण माझ्या हातातल्या पाकिटातून फक्त वायर डोकावताना बघून तो म्हणाला, "सर, सगळं ठीक ना घरी?" मी त्याला म्हटलं, सर्क्युलरचं पालन केल्याबद्दल अभिनंदन. त्याला वाटलं मी टोमणा मारतोय. मलाही नक्की माहीत नव्हतं.

साडेअकराला मी घरी, टेबलाखाली आडवा. ह्या वेळी क्लिपा नाहीत, चिठ्ठी नाही. मूळ वायर डबीत घातली, दोन्ही कॉम्प्युटर चालू केले, ऋषभने शिकवलं होतं तसं लाइव्हचं बटण दाबलं. आणि चित्र आलं.

काय चित्र होतं! बंदूकवाला माणूस मैदानात नुसता उभा होता, कारण खेळायला कुणी नव्हतं. पण त्याच्या बुटाची नाडी दिसत होती. गवताचं पातं न् पातं वेगळं हलत होतं. डोंगरावर एक झाड होतं, ते चार दिवस कुणाला माहीतच नव्हतं. मी माझ्या फोनवर उघडून बघितलं, तिथेही काचेसारखं. खाली आकडा होता: बघणारे, एक. तो मीच.

"ऋषभ! अरे ये, बघ!"

तो जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला होता. उठून आला. अर्धा मिनिट बघितलं. त्या झाडाकडे जरा जास्त वेळ बघितलं असावं.

"छान आहे," तो म्हणाला. मग, "बाबा, फॉर्मला मार्कशीट लागतेय."

 "ती लॉकरमध्ये आहे. मी फक्त वायर आणली."

"असू दे. झेरॉक्स द्या. शिक्का मारून."

"ऋषभ, मी जाऊन येतो ना. शाखा उघडी आहे. आणि फॉर्म तू नाही भरलास तरी... कराराचं मी बघतो. साक्षीदारालाही चालेल."

"करार लेखी आहे, बाबा." तो हे अगदी माझ्यासारखंच बोलला. तो हे शिकू नये, तेवढ्यासाठी तरी मी एखादा शब्द कमी बोलायला हवा होता, तेवीस वर्षं.

मी घरातल्या फाइलमधली झेरॉक्स काढली, शिक्का मारला, मूळ प्रतीवरून पडताळून पाहिली असं लिहून सही केली. तोपर्यंत तो टेबलाखाली गेला होता. बाहेर आला तेव्हा जाड वायर त्याच्या हातात होती. त्याने ती नीट गोल गुंडाळली, त्याच पाकिटात घातली, पाकीट माझ्या हातात दिलं.

"परत ठेवून या," तो म्हणाला. "हरवायला नको."

पडद्यावर गवत नव्हतं, माणूस नव्हता, झाड नव्हतं. काळ्यावर पांढऱ्यात "सिग्नल नाही" एवढंच होतं. चष्मा न लावताही वाचता येत होतं.